दुहेरी : साडेचार फुटांच्या गल्लीतलं टेनिस

टेनिस म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? फेडरर, नदाल, जोकोविच, आणि आता अल्कराझ. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये विम्बल्डनची एकेरीची फायनल लागली की मेसमधले मावशी-काकासुद्धा दोन मिनिटं थांबून स्कोअर विचारतात. पण त्याच चॅनेलवर दुहेरी लागली की कुणीतरी हळूच रिमोट उचलतो. "चार-चार जण काय खेळतायत, कळत नाही रे," हे वाक्य मी तीन वर्षांत किमान वीस वेळा ऐकलंय.

मित्रांनो, म्हणूनच हा लेखप्रपंच! माझं शिक्षण दौंडच्या कॉन्व्हेंट शाळेत झालं, त्यामुळे माझं लेखी मराठी म्हणजे आमच्या संपादक मंडळासाठी वेगळं सबमिशनच असतं. पण विषय आवडीचा आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातला आहे. २०१८ ते २०२३ या काळात पुण्याला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, जागतिक दर्जाची टेनिस स्पर्धा भरायची. नाव होतं टाटा ओपन महाराष्ट्र. तिथल्या पुरुष दुहेरीची गोष्ट सांगता सांगता दुहेरी नक्की खेळतात कशी, हे समजावून सांगायचा प्रयत्न करतो. शेवटी एक विनंतीपण आहे. ती विद्यार्थ्यांना आहे आणि स्टाफलाही आहे, तेव्हा कृपया शेवटपर्यंत वाचा.

स्पर्धा पुण्यात आली कशी?

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये चार ग्रँड स्लॅमच्या खाली एटीपी टूरच्या स्पर्धा असतात. त्यांचे १०००, ५०० आणि २५० असे दर्जे आहेत. हा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे रँकिंगचे पॉईंट. आपली पुण्याची स्पर्धा २५० दर्जाची. ऐकायला हा सगळ्यात खालचा वर्ग वाटतो, पण त्या काळात अख्ख्या दक्षिण आशियात एटीपी टूरची ही एकच स्पर्धा होती.

तिचा प्रवास मात्र आपल्या एखाद्या बदली झालेल्या प्राध्यापकांसारखा आहे. १९९६ मध्ये ती दिल्लीत होती. १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईत. २०१७ ची चेन्नईची शेवटची दुहेरी फायनल तर ऐतिहासिकच म्हणायला हवी, कारण कोर्टावरचे चारही खेळाडू भारतीय होते. रोहन बोपण्णा आणि जीवन नेदुनचेळियन जिंकले, पूरव राजा आणि दिवीज शरण हरले. २०१८ पासून स्पर्धा पुण्याला आली. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं होतं आणि २००८ चे राष्ट्रकुल युवा क्रीडा सामने तिथेच झाले होते. म्हणजे घर तयार होतं, फक्त पाहुणे यायचे होते.

दुहेरीचा ड्रॉ सोळा जोड्यांचा. म्हणजे पहिली फेरी, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. चार सामने जिंका आणि कप न्या. ग्रँड स्लॅममध्ये चौसष्ट जोड्या असतात, तिथे सहा सामने लागतात. गंमत अशी की दुहेरीची रँकिंग जोडीला नसते, प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र असते. दोघांच्या रँकिंगची बेरीज करायची; बेरीज जितकी लहान, तितका जोडीचा नंबर वर. याशिवाय काही जोड्यांना आयोजक वाईल्ड कार्ड देतात, म्हणजे थोडक्यात मॅनेजमेंट कोटा. पण तो सहसा स्थानिक पोरांना मिळतो, त्यामुळे त्यावर कुणी चिडत नाही.

कोर्टाचं गणित

आता आपल्या प्रांतात येऊ. टेनिस कोर्ट ७८ फूट लांब असतं, एकेरी असो की दुहेरी. रुंदी मात्र बदलते. एकेरीसाठी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. फरक ९ फुटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची एक पट्टी. साईडला दोन समांतर रेघा दिसतात ना, त्यांच्यामधली ती जागा. इंग्रजीत तिला ॲली म्हणतात, आपण गल्ली म्हणू.

एकेरीत एका खेळाडूला ३९ गुणिले २७, म्हणजे १०५३ चौरस फूट जागा सांभाळायची असते. दुहेरीत दोघांना मिळून ३९ गुणिले ३६, म्हणजे १४०४ चौरस फूट. प्रत्येकाच्या वाट्याला ७०२. म्हणजे माणसं दुप्पट झाली आणि जागा फक्त एक तृतीयांशाने वाढली. यावरून बरेच जण म्हणतात, "मग दुहेरी सोपीच की! पळायला कमी लागतं." पळायला कमी लागतं हे खरं आहे. पण समोरच्यालाही हे माहीत असतं, त्यामुळे तो तुम्हाला वेळच देत नाही.

हा वेळ किती कमी असतो ते बघा. समजा चेंडू ताशी १०० किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला साधारण २७.८ मीटर. बेसलाईनवरून मारलेला चेंडू पलीकडे नेटपासून अडीच मीटरवर उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत पोचायला साडेचौदा मीटर जातो. हवेचा अडथळा सोडून दिला तर अर्धा सेकंद लागतो. पण दुहेरीत चौघेही नेटजवळ आले की दोन खेळाडूंमध्ये पाचच मीटर उरतात. ५ भागिले २७.८ म्हणजे ०.१८ सेकंद! डोळ्यांनी बघून हात हलवायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू बघून रॅकेट हलवायची म्हटलं तर तुम्ही आधीच हरलात. चेंडू कुठे येणार हे समोरच्याच्या खांद्यावरून, रॅकेटच्या कोनावरून आणि आपल्या पार्टनरने आत्ता काय मारलं यावरून आधीच ओळखावं लागतं. दुहेरी बघताना "अरे, एवढ्यात संपलं?" असं जे वाटतं, त्याचं कारण हे आहे.

पाठीमागची बोटं

२०२३ मध्ये मी बारावीला असताना बालेवाडीला एक दिवस गेलो होतो. मी दौंडहून सकाळच्या शटलने पुणे स्टेशन गाठलं. शिरूरचे मामा एसटीने वाकडेवाडीला उतरले. मामा रांजणगाव एमआयडीसीत फिटर आहेत आणि तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेत. टेनिसशी त्यांचा संबंध शून्य. "बारावीच्या वर्षात पोराला एकट्याला कुठं सोडायचं" म्हणून बहिणीच्या सांगण्यावरून रजा टाकून आलेले. शिरूर आणि दौंड दोन्ही पुण्याच्या पूर्वेला आणि बालेवाडी पार पश्चिमेला, त्यामुळे अख्खं शहर आडवं पार करून आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या एका कोर्टावर दुहेरीचा सामना चालू होता. चौघांपैकी एकाचंही नाव आम्हाला माहीत नव्हतं.

मामांनी पाचव्या मिनिटाला विचारलं, "अरे, तो पुढचा गडी पाठीमागं हात नेऊन बोटं कसली दाखवतोय?"

मला एवढं तर माहीत होतं. सर्व्हिस करणाऱ्याचा पार्टनर नेटजवळ समोर तोंड करून उभा असतो. तो पाठीमागे हात लपवून बोटांनी खुणा करतो : सर्व्हिस कुठे टाक आणि चेंडू परत येताना मी जागा बदलणार आहे की इथेच थांबणार. प्रत्येक जोडीची भाषा वेगळी. जागा बदलून मध्ये घुसून व्हॉली मारण्याला पोचिंग म्हणतात. पुढचा उजवीकडे घुसला की मागच्याने डावीकडची मोकळी झालेली बाजू धरायची. एकाने धरली आणि दुसऱ्याने नाही धरली, की चेंडू सरळ गल्लीतून जातो आणि टाळ्या समोरच्यांना मिळतात.

मी हे सगळं समजावत होतो आणि मामा मान हलवत होते. मग म्हणाले, "म्हणजे साखळीच की! कबड्डीत दोघं हात धरून रेडरला घेरतात, एकानं पाऊल टाकलं की दुसऱ्यानं टाकायचंच. इथं हात धरलेले नाहीत एवढंच." मी आजवर दुहेरीचं यापेक्षा चांगलं वर्णन ऐकलेलं नाही. नंतर नीट बघितलं तर खरंच, चांगल्या जोडीतला एक जण डावीकडे सरकला की दुसराही तेवढाच डावीकडे सरकतो. दोघांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, जणू मध्ये दोरी बांधली आहे.

आणखी एक गोष्ट मामांनीच दाखवली. बहुतेक चेंडू दोघांच्या मधून मारले जात होते. याचंही कारण भूमितीत आहे. नेट खांबापाशी साडेतीन फूट उंच असतं आणि मध्यभागी तीनच फूट. म्हणजे मधून मारलं तर सहा इंच सूट मिळते. शिवाय मधला चेंडू कुणाचा, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात एकदम येतो आणि दोघंही सभ्यपणे एकमेकांसाठी सोडून देतात! आपल्याकडे मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट असाच राहतो, हे मी वेगळं सांगायला नको. चांगल्या जोड्या हे आधीच ठरवून ठेवतात. साधारणपणे ज्याचा फोरहँड मध्ये येतो, त्याने तो चेंडू घ्यायचा. म्हणूनच एक उजखुरा आणि एक डावखुरा अशी जोडी असली तर कोण कुठल्या बाजूला उभं राहणार, याला महत्त्व येतं. उजखुरा डावीकडे आणि डावखुरा उजवीकडे उभा राहिला तर दोघांचेही फोरहँड मध्ये येतात. उलट उभे राहिले तर ते बाहेरच्या बाजूला येतात आणि गल्ल्या सुरक्षित होतात. एकदा बाजू ठरली की तो सेट संपेपर्यंत सर्व्हिस परतवताना ती बदलता येत नाही.

४०-४० नंतर काय?

दुहेरीत स्कोअरिंगची भानगड वेगळी आहे आणि टीव्ही रूममधला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. २००६ पासून एटीपीच्या दुहेरीत दोन बदल आले. एक म्हणजे ॲडव्हांटेज रद्द. ४०-४० झालं की एकच निर्णायक पॉईंट खेळायचा, जो जिंकेल त्याचा गेम. हा पॉईंट कोणत्या बाजूला घ्यायचा, हे सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते. दुसरा बदल म्हणजे १-१ सेट झाल्यावर तिसरा सेटच नाही, त्याऐवजी दहा पॉईंटचा सुपर टायब्रेक. दोनच्या फरकाने आधी दहा करेल तो जिंकला. हेतू हा की सामना किती वेळ चालेल याचा अंदाज यावा, आणि एकेरीतल्या खेळाडूंनीही दुहेरीत उतरावं. ग्रँड स्लॅमचे नियम वेगळे आहेत. विम्बल्डनमध्ये तर पुरुष दुहेरी पाच सेटची असायची, ती २०२३ पासून तीन सेटची झाली.

आता या नियमाने नक्की काय बदलतं? एम-थ्रीच्या प्रोबॅबिलिटीचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग, म्हणून मांडतो. समजा सर्व्हिस करणारी जोडी शंभरातले ६५ पॉईंट जिंकते. तर :

गेम ४०-४० पर्यंत जाण्याची शक्यता सुमारे २३.५ टक्के, म्हणजे साधारण चारातला एक गेम.

जुन्या पद्धतीने ४०-४० नंतर सर्व्हिस करणारे तो गेम जिंकण्याची शक्यता ७७.५ टक्के. कारण सलग दोन पॉईंट जिंकायचे असले की जो मुळात वरचढ आहे त्याचं पारडं अजून जड होतं.

निर्णायक पॉईंट असेल तर ती फक्त ६५ टक्के.

पूर्ण गेमचा हिशोब केला तर सर्व्हिस राखण्याची शक्यता ८३ वरून ८० टक्क्यांवर येते. म्हणजे सर्व्हिस मोडण्याची शक्यता १७ वरून २० टक्के झाली. तीन टक्क्यांत काय होतं, असं वाटेल. पण दुहेरीचा सेट बहुतेक वेळा एकाच ब्रेकवर ठरतो. त्यामुळे हा एक पॉईंट आला की चौघेही आपापल्या पार्टनरच्या कानाशी लागतात, तोंडावर चेंडू धरतात म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत, आणि स्टेडियम एकदम गप्प होतं. अंडरडॉगला यात चान्स जास्त आहे, हे लक्षात ठेवा. शेवटच्या विनंतीत ते कामाला येणार आहे.

पाच वर्षं, पाच फायनल

पुण्यात ही स्पर्धा पाच वेळा झाली. २०२१ मध्ये कोरोनामुळे झाली नाही.

२०१८ : नेदरलँड्सचे रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप जिंकले. दोन्ही सेट ७-६. हरलेल्या फ्रेंच जोडीत पिएर-ह्यूज एर्बेरबरोबर जिल सिमाँ होता, आणि हाच सिमाँ त्या वर्षी पुण्यात एकेरीचा विजेता होता. एकेरीचा राजा दुहेरीत हरतो, याचं याहून जवळचं उदाहरण कुठे शोधायचं?

२०१९ : हे आपलं वर्ष! रोहन बोपण्णा आणि दिवीज शरण यांनी ब्रिटनच्या ल्यूक बॅमब्रिज आणि जॉनी ओमारा यांना ६-३, ६-४ असं हरवलं. बोपण्णा उंच, उजखुरा, तोफेसारखी सर्व्हिस. शरण डावखुरा. आधीच्याच वर्षी या दोघांनी आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं होतं.

२०२० : स्वीडनचा आंद्रे योरान्सन आणि इंडोनेशियाचा क्रिस्टोफर रुंगकाट. इस्रायलचा योनाथन एर्लिख आणि बेलारूसचा आंद्रेई वासिलेव्स्की यांच्याविरुद्ध ६-२, ३-६, आणि सुपर टायब्रेक १०-८. एर्लिख तेव्हा ४२ वर्षांचा होता. याच वर्षी लिअँडर पेस ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर पुण्यात खेळला. एब्डनचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

२०२२ : पुन्हा बोपण्णा, या वेळी रामकुमार रामनाथनबरोबर. ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅविल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये १२-१० ने गेला. दुसरा ६-३ असा घेतला आणि सुपर टायब्रेक १०-६. त्याच वर्षी जानेवारीत या जोडीने ॲडलेडची स्पर्धा जिंकली होती.

२०२३ : बेल्जियमचे सँडर जिले आणि योरान व्हिलेगन यांनी आपल्या श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन यांना ६-४, ६-४ असं हरवलं. प्रत्येक सेटमध्ये एका ब्रेकचा फरक, वर सांगितलेलं गणित इथे जसंच्या तसं दिसतं.

थोडक्यात, पाचपैकी दोन वेळा भारतीय जोडी जिंकली आणि एकदा उपविजेती ठरली. एकेरीत मात्र या पाच वर्षांत एकही भारतीय फायनलला पोचला नाही.

आपण दुहेरीतच का?

हा प्रश्न होस्टेलवर कुत्सितपणे विचारला जातो. "एकेरीत जमत नाही म्हणून दुहेरी." यात अर्धं तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एकेरीत वर्षभर जगभर फिरायचं, कोच आणि फिजिओ बरोबर न्यायचा, बेसलाईनवर तीन-तीन तास पळायचं. त्याला लागणारा पैसा आणि व्यवस्था आपल्याकडे कमी. दुहेरीत नेटवरचा हात, डोकं आणि जोडीदाराशी जुळणं जास्त चालतं, आणि ते वयाबरोबर लगेच संपत नाही. पण म्हणून दुहेरीतलं यश फुकटचं ठरत नाही. लगान चित्रपटासारखं अकरा जण जमवायचे नसतात, दोघंच असतात, पण त्या दोघांचं पटावं लागतं!

इतिहास बघा. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचं सुवर्ण लिअँडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी आणलं. गौरव म्हणजे आपल्या नंदू नाटेकरांचा मुलगा. तेच सांगलीचे नंदू नाटेकर, ज्यांनी १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवलं, असं करणारे पहिले भारतीय. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, आणि तो ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय ठरला. १९९९ मध्ये तर पेस-भूपती जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला होती आणि त्यांनी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. नंतर त्यांचं बिनसलं, जुळलं, परत बिनसलं. पेसच्या नावावर पुरुष दुहेरीची आठ ग्रँड स्लॅम आहेत, पण ती निरनिराळ्या जोडीदारांबरोबर. रूममेट बदलला तरी सबमिशन पूर्ण करणारा माणूस म्हणजे पेस.

आणि एब्डन? २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने बोपण्णाबरोबर पुरुष दुहेरी जिंकली. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा होता. पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा तो ओपन युगातला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला आणि त्याच सुमारास दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. २०२५ मध्ये त्याने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. सिव्हिलच्या सरांचं वय मी विचारत नाही, पण सर, अजून चान्स आहे!

आपल्या पुण्याचा अर्जुन कढेही याच वाटेवरचा. १९९४ चा जन्म, अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकताना कॉलेज टेनिस खेळला. बालेवाडीत त्यालाही वाईल्ड कार्ड मिळालं होतं. २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीला त्याने ऋत्विक चौधरी बोल्लीपल्लीबरोबर एटीपी टूरची दुहेरी जिंकली. फायनलचा सुपर टायब्रेक १४-१२! दोन पॉईंट इकडचे तिकडे झाले असते तर हे नाव या लेखात आलं नसतं.

स्पर्धा गेली

२०२४ पासून पुण्याची स्पर्धा बंद झाली आणि कॅलेंडरमधली तिची जागा हाँगकाँगला गेली. बालेवाडीत २०२४ आणि २०२५ मध्ये त्याखालच्या चॅलेंजर दर्जाची स्पर्धा झाली. म्हणजे चांगलं टेनिस अगदीच संपलं असं नाही. पण एटीपी टूर म्हणजे वेगळी गोष्ट होती. ग्रँड स्लॅम खेळणारी माणसं, दौंडच्या शटलने आणि दोन बसने जाऊन, दहा फुटांवरून बघता येत होती. बाहेरच्या कोर्टावर दुहेरी बघायला गर्दी नसते, त्यामुळे खेळाडूंचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं. एकाने सोपी व्हॉली नेटमध्ये मारली की दुसरा आधी जाऊन त्याच्या हातावर टाळी द्यायचा, मग पुढचं बोलायचा. दर पॉईंटला, चुकला तरी. मामा येताना बसमध्ये म्हणाले होते, "आमच्या संघात चुकला की आधी शिवी बसायची." तेवढ्यावर त्यांचा शेरा संपला, पण मला तो दिवस त्या टाळ्यांसाठीच आठवतो.

आता विनंती

आपल्या कॉलेजच्या मागच्या बाजूला, मेसच्या पलीकडे, एक सिमेंटचं कोर्ट आहे. शिरूर-चौफुला रस्त्याने ऊसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की त्यावर धुळीचा थर बसतो, रेघा पुसट झाल्यात, नेट फाटलंय. तरी संध्याकाळी तिथे टेनिस बॉल क्रिकेट सोडून कधी कधी खरं टेनिसपण होतं. यंदा त्या कोर्टाच्या होस्टेलकडच्या बाजूला टू-व्हीलरची शेड करायचं घाटतंय, असं कळलं. पार्किंगची गरज आहे हे मान्य, पावसाळ्यात सीट भिजतात हेही मान्य. "कोर्ट तसंच राहणार, फक्त कडेची चार-पाच फूट जागा लागेल, तिथे कुणी खेळत नाही," असं त्यावरचं उत्तर आहे.

ती चार-पाच फूट जागा म्हणजे वर सांगितलेली साडेचार फुटांची गल्ली! ती गेली की कोर्ट फक्त एकेरीचं उरेल. एका वेळी चार जण खेळतात तिथे दोनच खेळतील. ३६० मुलांच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी साडेपाच ते सात एवढाच उजेड धरला, तर याचा अर्थ काय होतो, ते कोणत्याही ब्रँचच्या विद्यार्थ्याला काढता येईल. शिवाय एकेरी खेळायला दम लागतो, म्हणून नवीन पोरं आणि आपले पन्नाशीतले स्टाफ मेंबर तिकडे फिरकणारच नाहीत. दुहेरी हा एकच प्रकार असा आहे, ज्यात सेकंड इयरचा पोरगा आणि वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर एका बाजूने खेळू शकतात.

जागा वर्कशॉपमागेही आहे. टेप घेऊन मी आणि माझ्या रूममेटने मोजली, २० बाय ६० फूट मोकळी आहे आणि तिथे खडीशिवाय काही नाही. शेड तिथे झाली तर होस्टेलपासून दीड मिनिट जास्त चालावं लागेल.

आणि गॅदरिंगच्या स्पोर्ट्स वीकमध्ये एक दुहेरी स्पर्धा घेऊ. सोळा जोड्या, प्रत्येक जोडीत एक विद्यार्थी आणि एक स्टाफ मेंबर, जोड्या चिठ्ठ्या टाकून. एकच सेट, ४०-४० ला निर्णायक पॉईंट, ६-६ झालं तर दहा पॉईंटचा सुपर टायब्रेक. म्हणजे एक सामना साधारण पाऊण तासात संपेल, आणि कच्च्या जोडीलाही तीन टक्के जास्त चान्स मिळेल. रेघा आम्ही विद्यार्थी मारून देऊ, चुना आणि दोरी एवढंच लागेल. मामांनी नेटचे खांब सरळ करून द्यायचं कबूल केलंय, मात्र रविवारी, आणि जेवण मेसमध्ये पाहिजे असं म्हणालेत.

नावं जिमखान्याच्या ऑफिसबाहेरच्या वहीत लिहायची आहेत. शेडची मीटिंग महिनाअखेरीस आहे, त्याआधी वहीत बत्तीस नावं झाली तर बरं.